६/८ चं गाणं असेल तर बीपीएममध्ये आकडा कुठला टाकायचा?

कोळीगीत घ्या, दादऱ्यातलं भावगीत घ्या, नवरात्रातला हिंच ठेक्यावरचा गरबा घ्या नाहीतर गोव्यातलं दुलपद घ्या, असलं गाणं रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवायला गेलं की नवीन माणूस हमखास एकाच जागी अडकतो. टाइम सिग्नेचर (एका बारमध्ये, म्हणजे एका आवर्तनात, किती आणि कुठल्या नोट) ६/८ केली, पायाने ठेका मोजला तर मिनिटाला १०० आला म्हणून टेम्पोत, म्हणजे बीपीएममध्ये (मिनिटाला किती ठोके), १०० टाकला, प्ले दाबलं, आणि गाणं रेंगाळायला लागलं, वर मेट्रोनोम मात्र टकटकटकटक करत सुटलाय. मग लोक अंदाजाने आकडा वाढवत बसतात, १२०, १३५, १४०, आणि कुठेतरी बरं वाटलं की सोडून देतात. एवढं करायची गरज नाहीये, सरळ गुणाकार आहे, पण तो का करायचा ते एकदा कळलं की मग कुठलंही सॉफ्टवेअर उघडा, अडचण येत नाही.

आधी ६/८ म्हणजे काय ते पटकन बघू. एका बारमध्ये सहा एट्थ नोट (एट्थ म्हणजे क्वार्टर नोटच्या निम्म्या लांबीची), आणि त्या तीन-तीनच्या दोन गटांत. आपल्या दादऱ्यासारखंच, धा धी ना । धा तू ना, पहिल्या मात्रेवर सम आणि चौथीवर खाली. ऐकताना आपण सहा मोजत नाही, पाय दोनदाच पडतो, पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर. म्हणजे जो ठोका आपल्याला जाणवतो तो तीन एट्थ नोटएवढा लांब आहे, त्यालाच डॉटेड क्वार्टर म्हणतात. ९/८ मध्ये असे तीन ठोके, १२/८ मध्ये चार. ठोका दोनमध्ये न तुटता तीनमध्ये तुटतो, कंपाउंड टाइम म्हणजे एवढंच.

(३/४ मध्येही सहा एट्थ नोटच असतात की, मग फरक काय, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. तिथे दोन-दोनचे तीन गट असतात, इथे तीन-तीनचे दोन. लांबी तीच, वजन वेगळ्या जागी.)

आता मुख्य मुद्दा. एबलटन, एफएल स्टुडिओ, लॉजिक, क्युबेस, रीपर, गॅरेजबँड, यांतलं काहीही उघडा, टेम्पोच्या खिडकीत जो आकडा दिसतो तो सहसा क्वार्टर नोटचा असतो. टाइम सिग्नेचर ६/८ केलीत म्हणून सॉफ्टवेअर आपणहून "अच्छा, आता डॉटेड क्वार्टर मोजायचा" असं धरत नाही. याचं कारण बरंच जुनं आहे. मिडी (वाद्यं आणि संगणक एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात ती) फाइलमध्ये टेम्पो साठवतात तोच "एका क्वार्टर नोटला किती मायक्रोसेकंद" या रूपात, १२० बीपीएम म्हणजे ५,००,००० मायक्रोसेकंद. मिडी क्लॉकसुद्धा क्वार्टर नोटला २४ टिक असं चालतं. सगळी यंत्रं एकमेकांशी क्वार्टरच्या भाषेत बोलतात म्हटल्यावर सॉफ्टवेअरनेही तीच भाषा धरली. गंमत म्हणजे मिडी फाइलमधल्या टाइम सिग्नेचरच्या नोंदीत मेट्रोनोमचा क्लिक दर किती टिकांनी वाजवायचा याचीही जागा ठेवलेली आहे, ६/८ साठी तिथे ३६ लिहिलं की डॉटेड क्वार्टरला क्लिक, म्हणजे हा घोळ होणार हे तेव्हाच्या लोकांना माहीत होतं.

तर गुणाकार असा. डॉटेड क्वार्टर म्हणजे दीड क्वार्टर. पायाचा ठोका मिनिटाला १०० असेल तर सॉफ्टवेअरमध्ये १०० गुणिले दीड, म्हणजे १५०. एवढंच. ६० असेल तर ९०, ८० असेल तर १२०, ११२ असेल तर १६८. उलटं जायचं असेल, म्हणजे कुणी १५० चा प्रोजेक्ट पाठवलाय आणि पाय किती वेगाने हलणार ते बघायचंय, तर दीडने भागा.

तबला शिकलेल्यांना यात तिसरा आकडा भेटतो. तबल्याच्या आणि लेहऱ्याच्या ॲपमध्ये लय बहुतेक मात्रांच्या हिशोबाने असते, मिनिटाला किती मात्रा. दादऱ्याची एक मात्रा म्हणजे एक एट्थ नोट धरली तर ॲपमधल्या आकड्याचा निम्मा सॉफ्टवेअरमध्ये जातो. ॲपवर दादरा १८० ला लावून रियाज केला असेल तर प्रोजेक्ट ९० चा, आणि पाय पडतो ६० ने. तिन्ही आकडे एकाच लयीचे, १८०, ९०, ६०. कागदावर हे तीन शेजारी-शेजारी लिहून मॉनिटरला चिकटवून ठेवा, विनोद नाही, खरंच उपयोग होतो, कारण तबलजी एक आकडा सांगणार, गिटारवाला दुसरा आणि स्क्रीनवर तिसराच.

आता करायचं कसं ते क्रमाने.

पहिलं काम, सॉफ्टवेअर उघडायच्या आधीच, गाण्याची लय मोजा. मोबाइलवर कुठलंही टॅप टेम्पोचं ॲप घ्या आणि पाय जिथे पडतो तिथेच टॅप करा, प्रत्येक मात्रेला नाही. दहा-बारा बार टॅप केल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नका, आणि मुखडा, अंतरा दोन्हीकडे मोजा, कारण माणसांनी क्लिकशिवाय वाजवलेलं गाणं अंतऱ्यात थोडं पळतंच. सॉफ्टवेअरमधलं टॅप बटण या कामाला मी वापरत नाही, कारण तिथे आपण पायाचा ठोका टॅप करतो आणि ते त्याला क्वार्टर समजून १०० लावून मोकळं होतं, परत गुणाकार करावाच लागतो, मग बाहेर मोजलेलं काय वाईट. बीपीएम ओळखणारी ॲप्स आणि वेबसाइट तर ६/८ च्या गाण्याला कधी १००, कधी १५०, कधी २००, कधी ३०० दाखवतात. ती बिघडलेली नसतात, कुणी डॉटेड क्वार्टर पकडला, कुणी क्वार्टर, कुणी एट्थ, कुणी ठोक्याची दुप्पट केली. त्यातला पायाशी जुळणारा शोधा आणि तिथून हिशोब करा.

टॅपचा भरवसा वाटत नसेल तर घड्याळाने मोजा, मला हीच पद्धत जास्त आवडते. मूळ ऑडिओ ट्रॅकवर टाका, एका समेपासून आठ बार पुढच्या समेपर्यंत सिलेक्ट करा, सेकंद बघा, आठने भागा. हा झाला एका बारचा वेळ. ६/८ असेल तर १८० ला त्याने भागा, जे येईल ते थेट टेम्पोत टाकायचा आकडा, दीडचा गुणाकार आधीच त्यात आलेला आहे. एक बार १.२ सेकंदांचा असेल तर १८० भागिले १.२, उत्तर १५०. हे १८० आलं कुठून तर ६/८ च्या बारमध्ये तीन क्वार्टर बसतात आणि मिनिटात ६० सेकंद. ९/८ ला साडेचार क्वार्टर म्हणून २७०, १२/८ ला सहा म्हणून ३६०.

दुसरं काम टाइम सिग्नेचर. रीपरमध्ये आल्ट एंटर दाबून प्रोजेक्ट सेटिंग्ज, एबलटन आणि लॉजिकमध्ये वर टेम्पोच्या शेजारीच, एफएलमध्ये प्रोजेक्ट सेटिंगमध्ये. ६/८ टाका आणि मग टेम्पो. एफएलवाल्यांनी आणखी एक बघायचं, चॅनल रॅकमध्ये पॅटर्न सोळा स्टेपचा असेल तर तो बारा स्टेपचा करा, कारण ६/८ चा बार म्हणजे बारा सिक्स्टीन्थ (एट्थच्या निम्म्या नोट). ठोके मग पहिल्या आणि सातव्या स्टेपवर येतात. सोळाच ठेवला तर दुसऱ्याच फेरीत ढोलकी एकीकडे आणि बार दुसरीकडे.

तिसरं ग्रिड, म्हणजे नोट ज्यांवर बसवतो त्या उभ्या रेषा. इथे लोक उलटं करतात, तीन-तीनचं गाणं आहे म्हणून ट्रिप्लेट (एका ठोक्याचे तीन सारखे तुकडे) ग्रिड लावतात. ६/८ मध्ये ट्रिप्लेट ग्रिड बंद पाहिजे. एट्थ नोट सरळ आहेत, साधं १/८ ग्रिड लावलं की प्रत्येक मात्रा रेषेवर येते, आणि ढोलकीच्या मधल्या बारीक बोलांसाठी १/१६. एबलटनमध्ये कंट्रोल ३ दाबलं की ट्रिप्लेट ग्रिड चालू-बंद होतं, चुकून दाबलं गेलं तर क्वांटाइझ केल्यावर (नोट रेषांवर ओढल्यावर) सगळं विचित्र सरकतं आणि कारण सापडता सापडत नाही.

चौथं मेट्रोनोम, यावर जरा थांबूया कारण खरा छळ इथेच आहे. टाइम सिग्नेचरमधला खालचा आकडा ८ आहे म्हणून बरीच सॉफ्टवेअर प्रत्येक एट्थला क्लिक देतात. १५० च्या प्रोजेक्टमध्ये हे मिनिटाला ३०० क्लिक झाले. गायकाच्या कानात ३०० क्लिक सोडून त्याला भावपूर्ण गा म्हणायचं, बिचारा काय गाणार. प्रो टूल्समध्ये क्लिकसाठी नोट निवडता येते, डॉटसकट, शिवाय तिथे टेम्पोचा आकडासुद्धा डॉटेड क्वार्टरमध्ये टाकता येतो, तसं केलंत तर वरचा गुणाकार करू नका, सरळ १०० टाका. क्युबेसमध्ये क्लिकचा पॅटर्न स्वतः बनवता येतो, रीपरमध्येही मेट्रोनोमचा पॅटर्न बदलता येतो. लॉजिकमध्ये मेट्रोनोमच्या सेटिंगमध्ये बीटचा क्लिक काढून फक्त बारचा ठेवला तरी चालतं, बार छोटाच असतो.

पण माझं ऐकाल तर या सेटिंगांत शिरूच नका, स्वतःचा क्लिक ट्रॅक बनवा. एक मिडी ट्रॅक, त्यावर कुठलंही ड्रमचं इन्स्ट्रुमेंट, पहिल्या एट्थवर जोरात वुडब्लॉक किंवा साइडस्टिक, चौथ्यावर जरा हळू, एक बारचा क्लिप, तो गाणंभर लूप. मेट्रोनोम बंद. लय अगदी संथ असेल तर मधल्या चार मात्रांवर अगदी हळू शेकर टाका, नाहीतर दोन ठोक्यांमधल्या मोकळ्या जागेत गायक हरवतो. तबला-ढोलकी वाजवणाऱ्याला तर वुडब्लॉकपेक्षा दादऱ्याचा साधा ठेकाच कानात द्या, त्याचा हात आपोआप बसतो. हा ट्रॅक कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये बनतो आणि ऑडिओ करून दुसऱ्या स्टुडिओत पाठवतासुद्धा येतो, तिकडे मेट्रोनोमचं सेटिंग काय आहे याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. फक्त काउंट-इनसाठी सुरुवातीला दोन-चार बार रिकामे सोडा. एक बार सव्वा सेकंदाचाही नाही, तेवढ्यात कुणी श्वास घेत नाही.

पाचवं, रेकॉर्डिंगच्या आधी टेम्पो पक्का करा. ऑडिओ आल्यावर आकडा १०० चा १५० केलात तर काही सॉफ्टवेअर ऑडिओ ताणतात-आवळतात, काही क्लिप तशाच ठेवून जागा हलवतात, दोन्हीत डोकेदुखी. समजा आधीच रेकॉर्ड झालंय आणि आता कळलं की आकडा चुकलाय, तर रीपरमध्ये आधी प्रोजेक्ट सेटिंगमध्ये टाइमबेस "टाइम" करून घ्या आणि मग टेम्पो बदला, ऑडिओ जागचा हलणार नाही. एबलटनमध्ये त्या क्लिपचं वार्प (टेम्पोप्रमाणे ऑडिओ ताणणं) बंद करा, आणि क्लिप कुठल्या सेकंदाला सुरू होते ते आधी टिपून ठेवा, कारण तिथे जागा बीटला बांधलेली असते, टेम्पो बदलला की सुरुवात सरकते.

आता ज्यांना हे सगळं नकोच आहे त्यांच्यासाठी दुसरा रस्ता. टाइम सिग्नेचर ४/४ ठेवा, टेम्पो पायाचा म्हणजे सरळ १००, आणि ग्रिड ट्रिप्लेट, १/८ ट्रिप्लेट. आता क्वार्टर म्हणजेच पायाचा ठोका आणि त्याचे तीन तुकडे म्हणजे तीन मात्रा. कानाला हे अगदी १२/८ सारखंच ऐकू येतं, ४/४ चा एक बार २.४ सेकंदांचा म्हणजे ६/८ चे दोन बार. टॅप टेम्पो चालतो, मेट्रोनोम शहाण्यासारखा वागतो, गुणाकार नाही. संथ ब्लूजवाले लोक, बरेच प्रोड्यूसर असंच करतात आणि त्यात काही चूक नाही. तोटे दोन. एक म्हणजे मात्रेच्या आत बारीक काम करायला लागलं की ग्रिड अपुरं पडतं, ढोलकीच्या तुकड्यांना १/१६ ट्रिप्लेट लागतं आणि डोळ्याला ते वाचायला त्रास होतो. दुसरं म्हणजे हे मिडी नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये नेलं की प्रत्येक तीन नोटांवर ३ आकड्याचा कंस येतो, पानभर कंसच कंस, व्हायोलिनवाले शिव्या घालतील. नोटेशन द्यायचं असेल तर ६/८ मध्येच काम करा. म्यूझस्कोर, सिबेलियस यांत डॉटेड क्वार्टर बरोबर १०० असं थेट लिहिता येतं, तिथे दीडचा हिशोब ते स्वतः करतात.

माझं मत विचाराल तर नुसतं बीट बनवायचंय, लूप लावायचेत, तर ४/४ ट्रिप्लेट. माणसं येऊन वाजवणार आहेत, ढोलकी, हार्मोनियम, कोरस, तर ६/८.

लूपचा विषय निघालाच आहे तर, विकत किंवा फुकट मिळणाऱ्या ढोलकीच्या लूपवर "६/८, १०० बीपीएम" लिहिलेलं असतं त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. बनवणाऱ्याने पायाचे १०० लिहिलेत की क्वार्टरचे, हे नावावरून कळत नाही. लूप ऐका, किती बारचा आहे मोजा, लांबी सेकंदांत बघा आणि वरचा १८० चा भागाकार करा. चार बारचा लूप ४.८ सेकंदांचा निघाला तर तो सॉफ्टवेअरच्या हिशोबात १५० चा आहे, ७.२ सेकंदांचा निघाला तर खरंच १०० चा. आणि सॉफ्टवेअरने लूप आपोआप ताणला असेल तर ते ताणणं बंद करून मगच मोजा.

गाण्यात मधेच ठेका बदलत असेल, म्हणजे मुखडा केरव्यात ४/४ आणि अंतरा दादऱ्यात, तर दोन शक्यता असतात आणि ऐकूनच ठरवावं लागतं कुठली आहे ते. पहिली, एट्थ नोटचा वेग तोच राहतो, फक्त गट बदलतात. इथे टेम्पोचा आकडा हलवायचा नाही, नुसती टाइम सिग्नेचर बदलायची. दुसरी, पायाचा ठोका तोच राहतो आणि त्याचे दोनऐवजी तीन तुकडे होतात, आपल्याकडे हे जास्त ऐकू येतं. इथे टाइम सिग्नेचरबरोबर टेम्पोही त्याच जागी बदलावा लागतो, ४/४ ला १०० असेल तर ६/८ ला १५०, परत येताना परत १००. रीपरमध्ये शिफ्ट सी दाबून मार्कर टाका, त्यात दोन्ही एकाच वेळी भरता येतात, आणि टेम्पो हळूहळू बदलण्याचा पर्याय तेवढा बंद ठेवा नाहीतर १०० पासून १५० पर्यंत गाडी चढावर चढल्यासारखं ऐकू येतं. एबलटनमध्ये टेम्पोच्या ऑटोमेशनमध्ये एकाच जागी दोन पॉइंट, वर-खाली, म्हणजे उडी बसते.

हां, आणि ७/८, ५/८ या भानगडीत हे सूत्र लावू नका. रूपकाच्या सात मात्रा तीन-दोन-दोन अशा तुटतात, सगळे ठोके सारखे नसतातच, मग दीडने गुणणार कशाला. ९/८ सुद्धा नेहमी कंपाउंड असतंच असं नाही, तुर्कस्तानातल्या कितीतरी नाचांत ते दोन-दोन-दोन-तीन असं चालतं. असल्या तालांत एट्थचा वेग मोजा, निम्मा करा, टाका.

शेवटी डिले, कारण टेम्पो बरोबर लावूनही इथे गाणं बिघडतं. डिलेच्या प्लगिनमध्ये सिंक चालू करून १/४ ठेवला तर ६/८ मध्ये प्रतिध्वनी दर दोन मात्रांनी येतो, ठोका मात्र दर तीन मात्रांनी. दोनावर तीन अशी ओढाताण होते, कधी मुद्दाम करायला मस्त, पण गायकाच्या आवाजावर नको. १/४ डॉटेड निवडा, मग प्रतिध्वनी बरोबर पायावर पडतो. मिलिसेकंदांत बघायचं तर १५० ला क्वार्टर ४००, डॉटेड क्वार्टर ६००, एट्थ २००. ४/४ ट्रिप्लेटच्या रस्त्याने गेला असाल तर उलट, तिथे साधा १/४ हाच पायाचा ठोका, ६०० मिलिसेकंद, आणि मात्रेला हवा असेल तर १/८ ट्रिप्लेट. साइडचेन, ट्रेमोलो, आर्पेजिएटर, टेम्पोशी बांधलेलं जे काही असेल त्या सगळ्याला हेच लागू.

आणि मिक्सिंगला फाइल पाठवताना नावात नुसतं "१५० बीपीएम" लिहू नका. "६/८, क्वार्टर १५०, पाय १००" असं लिहा आणि क्लिक ट्रॅकची ऑडिओ फाइल पहिल्या बारपासून सोबत जोडा, रिकाम्या बारसकट.